वर्ध्याचा हात

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

सभेत अध्यक्ष म्हणतात, "ठराव मान्य असेल त्यांनी हात वर करावेत." हात वर जातात, ठराव मंजूर होतो. पुढे कधीतरी त्या ठरावाचं काम अडतं, कुणी जाब विचारायला जातं आणि परत येऊन सांगतं, "त्यांनी तर हात वर केले." हात तेच आणि वर जाण्याची तऱ्हाही तीच. पहिल्या वेळी त्या हातांनी जबाबदारी अंगावर घेतली, दुसऱ्या वेळी ती टाकून दिली. तरी ऐकणाऱ्याचा क्षणभरही गोंधळ होत नाही.

'हात दाखवणे' हे त्याहून गमतीचं. ज्योतिष्याला हात दाखवतात तेव्हा तळहात उघडा असतो. गावगुंडाला हात दाखवतात तेव्हा मूठ वळलेली असते. डॉक्टरला हात दाखवतात ते नाडी बघण्यासाठी. आणि फाट्यावर उभं राहून हात दाखवला की एसटी थांबते. महामंडळानं तर 'हात दाखवा, बस थांबवा' अशी योजनाच चालवली. जेवणावर आडवा हात मारतात, नदीत पोहणारा चार हात मारतो आणि तिजोरीवर कुणी हात मारला तर पोलीस येतात. भिंतीला चुन्याचा एक हात देतात, पत्त्यांत हात होतात, आखाड्यात दोन हात करतात. आईनं डोक्यावरून हात फिरवला तर ती माया असते, संपादकानं लेखावरून हात फिरवला तर ते काम असतं. शाळेतल्या बेरजेत 'हातचा एक' असतो, कारण माणूस मोजायला शिकला तो बोटांवर. पुढे तो 'हातचा राखून' वागायलाही शिकला.

शब्दाचं घराणं जुनं आहे. संस्कृतात हस्त, प्राकृतात हत्थ आणि मराठीत हात. हत्ती याच घरातला, कारण हस्तिन् म्हणजे ज्याला हात आहे तो. सोंडेला आपल्या पूर्वजांनी हात मानलं. हातोडा, हातकडी, हातमाग हे सगळे सोयरे. शिकलेल्या भाषेनं मूळ हस्त तसाच ठेवला आणि त्यातून हस्तलिखित, हस्तांतर, हस्तक्षेप उभे राहिले. फारसीतला हात म्हणजे दस्त. तो राज्यकारभाराच्या वाटेनं आला आणि कचेरीत बसला: दस्तऐवज, दस्तखत. कागदाच्या चोवीस तावांचा दस्ता हाही त्याच फारसी हातातून आला. सातबाराचा उतारा काढायला निघालेला शेतकरी दिवसभरात संस्कृत, मराठी आणि फारसी अशा तीन हातांतून जातो.

मापाचं सांगायलाच हवं, कारण ते विस्मरणात चाललं आहे. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे एक हात, चोवीस अंगुळं, साधारण दीड फूट. दोन हातांचा एक वार. म्हणून नऊवारी लुगडं म्हणजे अठरा हात. विहिरीची खोली परसांत सांगत. हात वर करून उभ्या राहिलेल्या पुरुषाची उंची म्हणजे एक परस. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर बाजारात मीटर आला आणि ही मापं हळूहळू मागे पडली. शरीर हीच मोजपट्टी असण्याच्या काळातली 'हातभर काकडी' आणि 'चार हात दूर' मात्र बोलण्यात टिकून आहेत.

इथवरचं सगळं मराठीच्या कुठल्याही मुलखात लागू पडेल. वर्ध्यात या शब्दाकडे वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं, कारण या जिल्ह्यात हातासंबंधीचे वाक्प्रचार अक्षरशः तपासले गेले. हातानं काम करणाऱ्याची किंमत काय, हात पसरणं आणि हात देणं यांत फरक कुठे पडतो, कुणाचा हात कुणाला लागलेला चालतो, हे प्रश्न इथे गेल्या शंभर वर्षांत पुन्हा पुन्हा विचारले गेले. त्यांची उत्तरं देण्यासाठी माणसांनी आयुष्यं वेचली.

'हात लागणे' यापासूनच सुरुवात करता येईल. आज आपण म्हणतो, 'कामाला चार जणांचे हात लागले.' पण हात लागला म्हणून पाणी बाटलं, भांडं विटाळलं, असंही याच भाषेत बोललं जात होतं. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांच्या घराण्याचं. जुलै १९२८ मध्ये त्यांनी ते दलितांसाठी खुलं केलं. ज्यांचा हात देवळाच्या उंबऱ्याला लागू दिला जात नव्हता, त्यांचे हात त्या दिवशी मूर्तीसमोर जोडले गेले. देशातल्या मंदिरप्रवेशाच्या इतिहासात ही घटना फार लवकरची आहे आणि ती आपल्या गावातली आहे. इथल्या शाळांत ती आणखी ठळकपणे शिकवली गेली पाहिजे.

गांधीजी एप्रिल १९३६ मध्ये शेगावला राहायला आले. या गावाचं नाव पुढे सेवाग्राम झालं. त्यांच्या हातांविषयी दोन गोष्टी नोंदवण्यासारख्या आहेत. १९०९ मध्ये बोटीवर 'हिंद स्वराज' लिहिताना उजवा हात दुखू लागला तेव्हा त्यांनी डाव्या हातानं लिहिणं चालू ठेवलं; हस्तलिखिताच्या २७५ पानांपैकी सुमारे ४० पानं डाव्या हाताची आहेत. दुसरी गोष्ट, आपलं अक्षर वाईट आहे याची त्यांना आयुष्यभर खंत होती. मुलांना अक्षरं गिरवायला लावण्याआधी चित्र काढायला शिकवावं, असं त्यांनी आत्मकथेत सुचवलं आहे. आधी हाताला वळण, मग लेखणी. पुढे वर्ध्यात मांडल्या गेलेल्या शिक्षणविचाराचं मूळ या खंतीत शोधलं तर ते चुकीचं ठरू नये.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात ती प्रसिद्ध शिक्षणपरिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. झाकिर हुसेन यांच्या समितीनं आराखडा तयार केला आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसनं तो स्वीकारला. आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्यानं सेवाग्रामला तालीमी संघाचं काम उभं केलं. एखादा हस्तोद्योग मधोमध ठेवून त्यातूनच गणित, भूगोल, विज्ञान शिकवायचं, ही या शिक्षणपद्धतीची, म्हणजे नई तालीमची, कल्पना. टकळीवर सूत काढणारं मूल तार मोजतं, कापूस कुठल्या मातीत येतो ते विचारतं, पीळ जास्त पडला तर धागा का तुटतो ते पाहतं. मराठीत कसब आलं की 'हात बसला' म्हणतात. हात बसायला वेळ लागतो आणि तो वेळ वेळापत्रकात द्यावा लागतो, हे त्या शाळेनं मान्य केलं. आज हस्तकला आठवड्यातल्या एखाद्या तासापुरती उरली आहे आणि परीक्षा जवळ आली की तोही तास गणिताला दिला जातो. हे नुकसान आहे. वर्ध्यानं तरी ते मुकाट्यानं सोसू नये.

मगनवाडीत हाताची दुसरी परीक्षा चालू होती. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालालजींनी आपली बाग दिली, तिला मगनलाल गांधींचं नाव पडलं आणि जे. सी. कुमारप्पा यांनी संघाचं काम हाती घेतलं. हातसडीचा तांदूळ, बैलघाणीचं तेल, हातकागद हे तिथले विषय. 'हातसडी' हा शब्द आज दुकानातल्या महागड्या पाकिटावर दिसतो. तेव्हा तो आहारशास्त्राच्या वादातला शब्द होता. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र होतो, पण कोंड्याबरोबर त्यातलं ब-१ जीवनसत्त्व निघून जातं आणि त्याच्या अभावानं बेरीबेरी होतो. उखळाजवळच्या बाईचा हात तो कोंडा पुरता काढू शकत नव्हता आणि त्यामुळेच घरादाराचं पोषण टिकत होतं. १९३८ च्या डिसेंबरअखेर गांधीजींनी मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं. ते आजही उभं आहे. तिथले चरखे आणि घाण्या पाहताना प्रत्येक अवजाराची मूठ कुठे गुळगुळीत झाली आहे ते जरूर पाहावं.

पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५० च्या सुमारास कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. पैशावाचून जगायचं आणि शेती करायची तीही बैलांशिवाय, कुदळीनं. त्यांनी तिला ऋषिशेती म्हटलं. या हातांनी जमीन खणून झाल्यावर हा माणूस १९५१ मध्ये तेलंगणात गेला आणि १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाची पहिली जमीन मिळाली. भूदानात विनोबा गावोगाव मागत फिरले, पण 'हात पसरणे' हा वाक्प्रचार तिथे लावता येत नाही. तुम्हाला पाच मुलं असतील तर मला सहावा माना आणि माझा हिस्सा द्या, अशी ती मागणी होती. भिक्षेकऱ्याचा हात खाली असतो. वाटणीला आलेल्या भावाचा हात बरोबरीचा असतो. पवनारलाच १२ फेब्रुवारीच्या सर्वोदय मेळ्यात सूतांजलीची प्रथा सुरू झाली. प्रत्येकानं स्वतः कातलेली ६४० तारांची एक गुंडी आणून द्यायची. ती गुंडी म्हणजे सर्वोदयाला दिलेलं मत, असं विनोबा मानत.

आता ज्या हातांकडे पाहायला माणसं कचरतात, त्या हातांकडे वळायला हवं.

मराठीत 'हात पोळणे' म्हणजे आपल्याच करणीनं नुकसान होणं आणि त्यातून शहाणं होणं. या वाक्प्रचारात एक गोष्ट गृहीत आहे. विस्तवाला हात लागला की दुखतं आणि दुखलं की हात मागे येतो. कुष्ठरोगानं चेता मेलेल्या हाताला हे जमत नाही. चुलीवरचं भांडं तो हात निर्धास्त उचलतो, कातडी भाजते, फोड येतो आणि माणसाला ते दिसतं तेव्हाच कळतं. जखम चिघळते, हाड झिजतं, बोट आखूड होतं. बोटं रोगानं 'झडतात' असा समज आहे. खरं तर दुखणं हरवल्यामुळे होणाऱ्या रोजच्या इजांनी ती कमी होत जातात. कोपराजवळून जाणारी नस बिघडली की करंगळी आणि अनामिका आत वळतात आणि हाताचा पंजा होतो. 'हात आखडता घेणे' म्हणजे कंजूषपणा करणं, असं आपण सहज बोलतो. ज्याचा हात खरोखर आखडला आहे, त्याच्या कानांवर ही भाषा रोज पडत असते.

वर्धा जिल्ह्यानं या हातांसाठी जे केलं त्याला तोड नाही. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोग घेऊन सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतः त्यांच्या जखमा धुतल्या, अंगाला मालीश केलं. ज्या काळात अशा रोग्याला गावाबाहेर काढत, त्या काळात हा स्पर्श घडला. १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण प्रतिष्ठान वर्ध्यात सुरू झालं. डॉ. वर्देकरांनी तिथे घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार या तीन पायांवर कामाची पद्धत बसवली. देशाच्या १९५५ च्या नियंत्रण कार्यक्रमानं तिचा आधार घेतला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बहुविध औषधोपचार देशात ज्या पहिल्या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत वर्धा होता. ते उपचार मिळू लागल्यावर रोग बरा होतो हे गावागावांत डोळ्यांनी दिसलं.

या कामातल्या कार्यकर्त्यांसाठी 'हात दाखवा' याचा अर्थ अगदी वेगळा होता. डोळे मिटायला सांगून तळहातावर हलकेच टोचायचं आणि कुठे लागलं ते विचारायचं. दोन बोटांत कागद धरायला लावायचा आणि तो ओढून पाहायचा. सहज निघाला तर नस अशक्त झाली असं समजायचं. उपचार चालू असताना शिकवायचं ते साधं: हात रोज पाण्यात भिजवावा, तेल लावावं, गरम भांडं फडक्यानं धरावं, झोपण्यापूर्वी हात उजेडात नीट पाहावा. जे काम दुखणं करतं, ते काम इथे डोळ्यांना शिकावं लागतं.

बाबा आमटे मूळचे याच जिल्ह्यातले. २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला त्यांचा जन्म झाला. १९४९ मध्ये त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन वसवलं. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आनंदवनानं बोटं गमावलेल्या माणसांच्या हातात भीक न घालता कुदळ दिली. त्यांनी विहीर खणली, शेती पिकवली, पुढे हातमाग चालवले. मराठीत 'पंजा' आणि 'थोटा' हे शब्द टोचून बोलण्यासाठी वापरले जात. त्याच पंज्यांनी विणलेलं कापड लोक विकत घेऊ लागले, तेव्हा या शब्दांची धार कमी झाली. शब्दकोशातला अर्थ असाच बदलतो, कामातून.

जिल्ह्यात सर्वांत जास्त हात राबतात ते कापसात. हिंगणघाटचा कापूस एकेकाळी परदेशच्या बाजारात गावाच्या नावानं ओळखला जाई. आजही सरकी बहुतेक हातानंच टोबतात आणि वेचणी तर पूर्ण हाताची. पहिल्या वेच्याच्या वेळी शेतात सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग बाया कमरेला फडक्याची झोळी बांधून ओळीत उतरतात. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. दोन्ही हातांनी, पालापाचोळा न येऊ देता, पाकळ्यांतून कापूस उचलायचा. कीड लागलेली कवडी वेगळी काढायची. मजुरी किलोवर मिळते, म्हणून चपळाईला मोल आहे. एखादीविषयी बाकीच्या जणी म्हणतात, "तिचा हात लय चालते," आणि त्यात कौतुक असतं. 'हातावर पोट' हा शब्दप्रयोग या बायांच्या बाबतीत उपमा राहत नाही. बोटाला चीर पडली की त्या दिवशीच्या किलोंत ती दिसते.

पाऊसही हाताच्या नावाचा आहे. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा दुसरा आठवडा हा हस्त नक्षत्राचा काळ. आकाशातल्या पाच ताऱ्यांना पंज्याचा आकार पाहून हे नाव पडलं आणि लोकांनी पावसाला 'हत्तीचा पाऊस' केलं. हलक्या जमिनीतलं बोंड तोवर फुटू लागलेलं असतं. मोठा हत्ती बरसला तर फुटलेला कापूस भिजतो, काळा पडतो, आणि 'हातातोंडाशी आलेला घास गेला' हे वाक्य गावोगाव ऐकू येतं.

कापूस बाजारात गेल्यावर आणखी एक हात भेटे. शेतमालाच्या आणि गुरांच्या बाजारांत जुनी 'हत्ता' पद्धत होती. व्यापारी आणि दलाल रुमालाखाली हातात हात घेत आणि बोटं दाबून भाव ठरवत. मालाचा धनी शेजारी उभा असे; त्याला रुमालाची हालचाल दिसे, भाव दिसत नसे. त्याच्या वर्षभराच्या कष्टाची किंमत दोन झाकलेले हात आपसांत बोलत. हे थांबावं म्हणून कायदे झाले. वऱ्हाडातल्या कारंजा लाडला १८८६ मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार आला, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी बाजार कायदा झाला आणि मध्य प्रांतासाठी, म्हणजे वर्ध्यालाही लागू होणारा, कापूस बाजार कायदा १९३२ मध्ये आला. उघड लिलाव हा शेतकऱ्यानं मिळवलेला मोठा हक्क आहे. रुमाल गेला, पण कापूस विकून 'हात हलवत' घरी येण्याची वेळ अजून गेलेली नाही. कर्ज, बियाणं आणि खताचे हिशेब अगोदरच लागलेले असतात.

या हिशेबात ज्या घरांचा कर्ता माणूस गेला, तिथल्या बाईच्या हाताविषयी भाषा फार कठोर आहे. लग्नाच्या वेळी 'हात पिवळे' करणारा समाज नवरा गेल्यावर तिच्या बांगड्या फोडतो आणि 'भुंडे हात' म्हणतो. तोच हात दुसऱ्या दिवशी पऱ्हाटीत जातो, खत टाकतो, बँकेच्या कागदावर अंगठा उठवतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांविषयीच्या या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनं त्याच महिन्यात सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. वर्धा जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामसभेत हा ठराव हात वर करून मंजूर व्हावा आणि 'भुंडे हात' हे शब्द आपल्या बोलण्यातून जावेत.

कोशांत यातलं किती सापडतं? मोल्सवर्थच्या कोशात, म्हणजे १८३१ च्या आणि मग १८५७ च्या आवृत्तीत, तसंच दाते-कर्वे यांच्या १९३२ ते १९३८ मधल्या महाराष्ट्र शब्दकोशात 'हात' या शब्दाचा संसार भरपूर आहे. मराठीवर या मंडळींचे फार उपकार आहेत. पण वेचणारीचा 'चालता हात', कुष्ठधामातल्या शुश्रूषेचे शब्द, सूतकताईतल्या हाताच्या खोडी आणि वळणं हे सगळं कोशकारांच्या टेबलापर्यंत पोचायचं तर कुणीतरी शेतात आणि दवाखान्यात जाऊन लिहून आणायला हवं. वर्ध्यात महाविद्यालयं आहेत, हिंदी विद्यापीठ आहे, नई तालीमची परंपरा आहे. आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर आणि वर्धा या आठही तालुक्यांतल्या मराठीच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातले हाताचे शब्द जसे ऐकले तसे, बोलीच्या उच्चारांसह, उतरवावेत. कोण बोललं, कुठल्या कामाच्या वेळी बोललं, तेही सोबत लिहावं. म्हाताऱ्या सूतकातणाऱ्यांकडे आणि दत्तपूरच्या जुन्या रहिवाशांकडे आधी जावं, कारण त्यांच्याकडचे शब्द फार काळ थांबणार नाहीत. शेतातलं काम सीतादहीच्या दिवशी सुरू केलं, तर फरदडीपर्यंत, म्हणजे हंगामानंतर राखलेल्या कापसाच्या वेचणीपर्यंत, पहिली वही भरेल.